गिळोबाचा अळणी निवद

बयाबाई फाट्यावर जीपमधून उतरली तेव्हा तिला सगळ्यात आधी देव दिसला आणि ती आहे तिथेच उभी राहिली.

दीड महिना ती कासुर्डीला लेकीकडे, सिंधूकडे होती. दौंडला मोतीबिंदू काढून घेतला होता, नवा चष्मा मिळाला होता. चौफुल्याला जीप बदलून, नदीचा पूल ओलांडून ती यायला निघाली ती वाटेतल्या पाट्या, म्हशी, बाभळी अशी कौतुकाने न्याहाळत, की शेजारी बसलेल्या माणसाने तिला विचारलं, मावशी, या भागात पहिल्यांदाच आलात का? आणि आता फाट्यावर, रस्त्याच्या कडेला, गुडघाभर उंचीचा तो शेंदरी दगड नव्याकोऱ्या देवळीत बसलेला होता. देवळीला पांढऱ्या फरश्या बसवल्या होत्या, लोक न्हाणीघरात लावतात तसल्या, प्रत्येक फरशीवर राजहंसाची जोडी. दगड थोडा डावीकडे कललेला. शंभर दगडांत तिने तो ओळखला असता, कारण तीस वर्षांपूर्वी तो तिनेच रोवला होता. इथे नव्हे, इथून अर्ध्या मैलावर, गिळणीत.

गिळणी म्हणजे भीमेच्या काठची जुनी पांढरी. कधीकाळी तिथे गाव होतं म्हणतात. पुराने उठलं की पटकीने, कुणाला माहीत नाही; पांढऱ्या मातीचा उंचवटा तेवढा मागे राहिला. वडगाव रासाईपासून कवठे येमाईपर्यंत कुठल्याही मेंढपाळाला विचारा, तो तुम्हाला गिळणीची गोष्ट सांगेल. एका धनगराने खंडोबाला नवसाचा बकरा बोलला आणि ऐनवेळी तो कळपात लपवला. देव कोपला, भुई फाटली, धनगर शंभर मेंढरांसकट आत गेला आणि भुई पुन्हा मिटली. भर दुपारी जमिनीला कान लावला तर आतून घंटा ऐकू येतात. तेव्हापासून तिथे गिळोबा बसला. त्याच्या भोवती मेंढरं बसवायची नाहीत, नांगर घालायचा नाही. अमावास्येला निवद दाखवायचा तो अळणी, आणि मुक्याने जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. मनापासून निवद दाखवला तर हरवलेलं माणूस गिळोबा परत देतो. मध्यंतरी एक वार्ताहर मोटरसायकलवरून येऊन फोटो काढून गेला आणि पेपरात अर्धं पान छापून आलं. शंभराची पाचशे मेंढरं त्यानेच केली.

ही सगळी गोष्ट बयाबाईची. शंभर मेंढरं तिची, घंटा तिच्या, अळणी निवदही तिचाच. गोष्ट सुचवली नवऱ्याने, धुळाजीने, पण त्याला खोटं रंगवता येत नव्हतं. हिला येत होतं.

खरं घडलं ते एवढंच. बहात्तरच्या दुष्काळाचं दुसरं वर्ष, वैशाख. गावं ओस पडलेली, माणसं खडी फोडायला गेलेली. धुळाजी, बयाबाई आणि धुळाजीचा धाकटा भाऊ भिमा उरलीसुरली मेंढरं घेऊन नदीकाठाने चालले होते. बयाबाईच्या पाठीला तान्हा मल्हारी बांधलेला. भिमाची बायको रंगू तापाने फणफणली म्हणून माहेरी ठेवलेली. पांढरीवरच्या एका खोल खळग्यात मेंढरांचे खूर पोकळ वाजले. उकरून पाहिलं तर फरशी, आणि फरशीखाली पेव.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली धान्याची कोठी. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली घागरीसारखं पोट. आत ज्वारी होती. कुणीतरी सरकारपासून दडवून ठेवलेली असणार. आता, पेव उघडलं की दिवसभर वारं लागू द्यायचं, मग कंदील सोडून बघायचा आणि कंदील विझला तर उतरायचं नाही, हे पेव बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ही मेंढरामागची माणसं. शेतात मेंढरं बसवायची आणि बदल्यात पायलीने धान्य घ्यायचं, यापलीकडे धान्य कुठे राहतं आणि कसं राहतं याच्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. भिमा हसत हसत पोतं घेऊन उतरला. तो तसाच होता, हसरा. मेंढरांना मिठाचे खडे टाकले की त्यातला एक उचलून स्वतः चघळायचा आणि म्हणायचा, मी बी मेंढरूच हाय.

तो वर आलाच नाही. हाकेला ओ नाही. धुळाजी दोराने अर्धा उतरला आणि त्याचीही मान लुळी पडली. बयाबाईने मल्हारीला भुईवर टाकून नवऱ्याला ओढून काढलं. तिच्या हाताची सालं निघाली. मग दोघं त्या तोंडाशी दिवस मावळेपर्यंत बसली. गावात जाऊन सांगावं तर धान्यचोर म्हणून आधी यांनाच झोडपलं असतं. वाटेने जाणाऱ्या धनगराचं खरं कोण मानतं? त्यांनी फरशी ओढली, वरची कड ढासळून खळगा मातीने बुजवला, आणि दुसरं कुणी पुन्हा उकरू नये, कुणाचं मेंढरू किंवा माणूस आत जाऊ नये, म्हणून बयाबाईने दगड रोवला आणि शेंदूर लावला. ज्याची ज्वारी होती त्यानेही कधी तोंड उघडलं नाही. दडवलेल्या मालाचा बोभाटा कोण करील?

रंगूला सांगितलं, भिमा भांडून मुंबईला गेला. आणि ती रडून रडून अर्धी झाली तेव्हा बयाबाईने तिला गिळोबाचा निवद सांगितला. भिमाचं ना तेरावं झालं होतं, ना पिंड. निदान बायकोच्या हातचा घास त्याला पोचावा, एवढं तिच्या मनात होतं. धुळाजी भावाला सोडून पुढे गेला नाही. तिथेच राहिला, लोकांच्या रानात राबला, जवळच दोन एकर केले आणि भावाचं नाव न काढता मरून गेला. बयाबाईने तीस वर्षांत त्या उंचवट्यावर पाय ठेवला नाही. त्यांच्याच घरात राहिलेली रंगू मात्र दर अमावास्येला गेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या.

देव इथे रस्त्यावर आला होता. मग तिथे काय होतं?

घरापर्यंतची वाट बयाबाईने कशी तोडली तिचं तिला माहीत. मल्हारी अंगणात नांगराचे फाळ घट्ट करत होता. आईला बघून त्याचा चेहरा फुलला. सगळं त्याने एका दमात सांगितलं. गिळणीचा तुकडा त्याने दोन वर्षांपूर्वीच घेतला होता, पण देवामुळे पडून होता. आई असती तर घोर लावून बसली असती, म्हणून ती नसतानाच त्याने कौल लावला. ओल्या दगडाला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली, देवा जागा बदलू का म्हणून विचारलं, आणि तिन्ही वेळा उजवं फूल पडलं. मग जागरण घातलं, पाच बायका जेवू घातल्या, वाजतगाजत देव फाट्यावर नेला. काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. उंचवटा केणीने, म्हणजे माती ओढायच्या फळीला बैल जुंपून, ओढून काढला, रान ताटासारखं सपाट झालं. उद्या सकाळी ट्रॅक्टरने पल्टी नांगर घालायचा आणि मग ऊस.

बयाबाई रानाकडे धावली. धावली म्हणजे पासष्टीची बाई धावते तेवढीच. रान खरंच सपाट झालं होतं. कडुनिंब काढलेला, बांध मोडलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी पांढरी माती. उंचवट्याची माणूसभर माती ते पेव तोलून होती. आता फरशीवर हात-दीड हात उरली असेल नसेल. त्यावर ट्रॅक्टरचं धूड. ती कडेला उभी राहिली. पेव कुठे आहे हे तिला सांगता येईना. दौंडच्या डॉक्टरने दिलेल्या चष्म्यातून मातीचा कण न् कण दिसत होता आणि ती जागा मात्र दिसत नव्हती. तीस वर्षं तोंड फिरवून जगलेल्या बाईला जागा कशी आठवणार?

घरी येऊन तिने आधी खोट्याचा आधार घेतला. सवयच तशी. म्हणाली, जीपमध्ये डोळा लागला तवा गिळोबा सपनात आला, मला परत ने म्हणाला. मल्हारीने हसून विचारलं, कौलात उजवं द्यायचं आन् सपनात येऊन फिरायचं, असा कसला देव? मग तिने अर्धं खरं सांगितलं: तिथं पेव आहे, पोकळ आहे, ट्रॅक्टर आत जाईल. मल्हारीने तिच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

"आये, इतकी वर्सं सांगत आलीस भुई फाटली, मेंढरं गेली. आता पेव कुठनं आलं? आन् पेव असतं तर आबा बोलला नसता व्हय?"

आबा म्हणजे धुळाजी. सुनेने, नकुशीने, तिला चहा दिला आणि ऑपरेशननंतर असं होतं म्हणे, असं हळूच नवऱ्याला म्हणाली. बयाबाईला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. तिचं खोटं सगळ्या तालुक्याने मानलं होतं आणि खरं तिच्या पोटच्या पोराला पटत नव्हतं. हा एकच मुलगा. ज्या दिवशी भिमा गेला त्या दिवशी त्याच पेवाच्या तोंडाशी धुळीत रडत पडलेला.

रात्री जेवताना रंगू खुशीत होती. ती आता साठीला आलेली, पण देवाची गोष्ट निघाली की तिचा चेहरा माहेरवाशिणीसारखा व्हायचा. म्हणाली, इतकी वर्सं देव आडरानात हुता, आता रस्त्याला आलाय, म्हंजी माणूस बी रस्त्याला लागंल.

मुक्याने जायचं. घास गिळता गिळता बयाबाईला ते आठवलं. रंगू मुक्याने जायची आणि तोंड बंद ठेवायला सोपं जावं म्हणून पावलं मोजायची. एकदा नकुशीने चेष्टेने किती होतात म्हणून विचारलं होतं आणि रंगूने आकडा सांगितला होता. तो आकडा बयाबाईला आठवेना. देव उचलणाऱ्या मल्हारीलाही आता सपाट रानात नेमकी जागा दाखवता आली नसती. म्हणजे भिमा कुठे आहे हे या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि नेमकं त्याच माणसापासून ते तीस वर्षं लपवलं होतं.

नुसता आकडा विचारून काम भागलं असतं का? रात्रभर तिने हाच हिशोब केला. भागलं नसतं. मल्हारी आईच्या शब्दावर थांबणार नव्हता. तो काकीच्या शब्दावर थांबला असता. रंगूला मूल नव्हतं; मल्हारीला जेवढं बयाबाईने वाढवलं तेवढंच तिने. पण कारण कळल्याशिवाय रंगू त्याच्या आडवी जाणार नव्हती, आणि कारण सांगायचं म्हणजे तिच्या कपाळावरचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं. सांगते, सांगते असं करत पहाट झाली, आणि बयाबाईने सांगितलं नाही. भेकडपणा केला. दुसरा शब्द नाही त्याला.

सकाळी रंगू अंगणात झेंडूची फुलं क्रेटमध्ये भरत होती. बयाबाई तिच्यासमोर बसून फुलं उचलत होती आणि पुन्हा तिथेच ठेवत होती. तेवढ्यात रानाकडे ट्रॅक्टर सुरू झाला. त्या आवाजासरशी बयाबाईच्या तोंडातून शब्द बाहेर पडले, आपोआप, वांती झाल्यासारखे.

"रंगू, भिमा मुंबईला गेला न्हाई. त्यो गिळणीत हाय. पेवात उतरला तो गुदमरला. आमी वर माती लोटली. दगड म्या ठेवला. आता तितनं मल्हारीचा ट्रॅक्टर जाणार हाय आन् जागा मला घावंना. तुला पावलं ठाऊक हायेत."

रंगूने हातातलं फूल क्रेटमध्ये ठेवलं. बयाबाई वाट बघत होती किंकाळीची, शिव्यांची, काहीतरी फेकून मारण्याची. रंगूने फक्त लुगड्याला हात पुसले, उठली आणि विहिरीकडे निघाली. विहिरीवर जुन्या मोटेचं दगडी थारोळं अजून होतं, पूर्वी मोटेचं पाणी त्यात पडायचं. त्याला तिने टाच लावली आणि चालायला लागली. ओठ मिटलेले, नेहमीसारखे. मागून बयाबाई, तीही मुक्याने.

मल्हारीने कडेच्या दोन फेऱ्या मारल्या होत्या. नांगरामागे मातीची मोठमोठी ढेकळं उलथत होती आणि बगळे उतरले होते. तो पलीकडच्या टोकाला वळून परत येत होता, आता रानाच्या मधोमधून. रंगू सरळ चालली. मोडलेल्या बांधाच्या जागी थांबून नदीकडे तोंड केलं आणि पुन्हा पावलं टाकू लागली. बयाबाईला ट्रॅक्टर आणि रंगू यांच्यातलं अंतर कमी होताना दिसत होतं. ओरडलं तरी ट्रॅक्टरच्या आवाजात मल्हारीला ऐकू गेलं नसतं. जमीन पायाखाली आता जाते की मग जाते असं तिला वाटत होतं, आणि रंगू मात्र एकही पाऊल लांबवत नव्हती, आखडत नव्हती. घाई केली असती तर मोजणी चुकली असती.

रंगू थांबली. पाय जुळवून उभी राहिली. मल्हारीने हॉर्न दिला, हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं. ती हलली नाही. पुढचं चाक पाच-सहा हातांवर आलं तेव्हा त्याने वैतागून ट्रॅक्टर बंद केला.

"मल्हारी, खाली उतर," रंगू म्हणाली. "ट्रॅक्टरवरची पहार आण."

काकीला त्याने आजवर नाही म्हटलं नव्हतं. रंगू एक पाऊल मागे सरली आणि तिने दाखवलेल्या जागी त्याने पहार मारली. दुसऱ्या घावाला दगड वाजला. तिसरा घाव कडेला बसला आणि पहार त्याच्या हातातून निसटून सबंध आत गेली. मग खालून ती आपटल्याचा आवाज आला. मल्हारी मागे झाला आणि खाली मातीत बसला. त्याने त्या भोकाकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरच्या चाकाकडे.

आत काय आहे, असं त्याने कसंबसं विचारलं. बयाबाईने तोंड उघडलं, पण रंगूच बोलली.

"तुजा चुलता हाय."

मग ती भोकाशेजारी मातीत बसली. मल्हारी आईकडे बघत राहिला आणि आईने मान खाली घातली. कुणीतरी ट्रॅक्टर मागे घ्यायला हवा होता, पण त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. रंगूचा हात एकदा कपाळाकडे गेला, तिथल्या तिथे थबकला आणि परत मांडीवर आला.

"आक्का," ती म्हणाली, "निवद अळणी दावायचा, ह्ये कुणी ठरवलं?"

"म्या."

"का?"

"देव खरा वाटावा म्हनून."

रंगूने तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता तर बयाबाईला बरं वाटलं असतं.

"तीस वर्सं," रंगू म्हणाली. "त्येला अळणी घास उतरत नव्हता, आक्का. तुला ठाऊक व्हतं."

बयाबाई सगळ्याची तयारी करून आली होती. रंगू बांगड्या फोडील, घरातून निघून जाईल, गाव गोळा करील, पोलीस येतील, पोर तोंड बघणार नाही. या एका गोष्टीची तिने तयारी केली नव्हती. तीस वर्षांत ती तिला एकदाही सुचली नव्हती. ती मातीत बसून रडायला लागली तेव्हा तिचा नवा चष्मा धूसर झाला आणि पुसायचंही तिला भान राहिलं नाही.

रंगू उठली आणि घराकडे गेली. या वेळी पावलं मोजली नाहीत. परत आली तेव्हा तिच्या एका हातात तव्यावरून नुकतीच उतरवलेली भाकरी होती, तिच्यावर मिरचीचा ठेचा. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. भाकरीचे तुकडे करून तिने एकेक भोकात सोडला. मग मूठ उघडली. खडेमीठ होतं. तेही तिने हळूहळू आत ओतलं, तळहाताला चिकटलेले खडे झाडून टाकले आणि मल्हारीचा दंड धरून त्याला उठवलं.

बयाबाईला कुणी उठवलं नाही.